दीर्घसूत्री चासी

६ जानेवारी

चि. भावजींना वहिनीचे अनेक आशीर्वाद. त्यांतले निम्मे ट्रकला द्या. त्याला जास्त गरज आहे.

यांचा ट्रक तुमच्या परसात पोहोचला हे कळलं. ओढून नेताना दोरखंड दोनदा तुटला हेही कळलं. तिसऱ्यांदा तुटला नाही याचं श्रेय तुम्ही तुमच्या गाठीला देता, मी ट्रकच्या थकव्याला देते. इथल्या गॅरेजवाल्याने चासीखाली डोकं घातलं, लगेच बाहेर काढलं आणि म्हणाला, "बाई, हा ट्रक रंगावर उभा आहे. रंग खरवडू नका." असला ट्रक तुम्ही घरच्या घरी वेल्डिंग करून दीड महिन्यात उभा करणार! कारखान्यात बावीस वर्षं तुम्ही फिटर होता, म्हणजे वेल्डरच्या शेजारी उभे होता. मी सव्वीस वर्षं संस्कृत शिकवते आहे. माझ्या शेजारी उभं राहून अजून कुणाला संस्कृत आलेलं नाही. उदाहरणादाखल तुमचे बंधू घ्या.

ते पाठीमुळे घरी बसले आहेत. बसले आहेत म्हणजे घराचा ट्रक करून चालवताहेत. मी पातेलं घेऊन दोन पावलं मागे सरकले की खुर्चीतून ओरडतात, "येऊ द्या, येऊ द्या... बस्स!" ट्रक उभा राहील त्याच दिवशी स्टिअरिंगवर बसायचं, असा त्यांचा पण आहे.

म्हणून वडीलकीच्या नात्याने एकच सांगणं. या कामी तुम्ही दीर्घसूत्री व्हा. शब्द अडला तर फोड करून पाहा: दीर्घ अधिक सूत्र. अर्थ उघडेल. उघडला की मनातच ठेवा.

धाकटीला, म्हणजे तुमच्या सौभाग्यवतीला, सांगा, वाळत घातलेले कपडे ठिणग्यांपासून लांब ठेव.
— वहिनी

ता.क. ही काय लिहिते मला कळत नाही. तू वेल्डिंगचे रॉड कोरडे ठेव. दीड महिना म्हणजे दीड महिना. — दादा


१५ जानेवारी

सौ. वहिनींना साष्टांग नमस्कार. साष्टांग खरोखरीचा आहे, कारण हे पत्र ट्रकखाली पालथं पडून लिहितोय.

ट्रक चार ओंडक्यांवर चढवला. डिझेलची टाकी उतरवली, बॅटरीची वायर सोडली. तुम्हाला कळावं म्हणून सांगतो, चासी म्हणजे एक आडवी ठेवलेली शिडी. दोन लांब दांडे, मध्ये पट्ट्या. उजव्या दांड्यावर हातोडी मारली, खणखणीत वाजला. डाव्यावर मारली, 'भद्द' झालं. तिसऱ्या ठोक्याला हातोडी आत गेली आणि आतच राहिली. आजवर चार बादल्या गंज निघाला. आमची ही म्हणते, "ट्रकपेक्षा गंज जास्त भरला तर तोच परत पाठवा."

वेल्डिंगचं मशीन लावलं की घरातले दिवे मान टाकतात, पंखा विचारात पडतो आणि शेजारचे शिंपीकाका खिडकीतून ओरडतात, "अहो, माझी सुई कापडात अडकली!" त्यांचं मशीन विजेवर चालतं आणि वीज आम्ही खातो.

आता तुमचा शब्द. तुम्ही लग्न होऊन आलात त्या वर्षी मला संस्कृतात पास करायचा विडा उचलला होता, आठवतं? पस्तीस मार्क पडले. वाया गेले नाहीत! दीर्घ म्हणजे लांब, सूत्र म्हणजे दोरा. आणि वेल्डिंगची रेघ म्हणजे लोखंडातला दोराच की! म्हणजे ठिगळ बसवताना तुकड्या-तुकड्याने काम करायचं नाही, एकच लांब रेघ न थांबता ओढायची. वहिनी, तुमच्यापुढे हात टेकले. शाळेत बसून तुम्हाला वेल्डिंगमधलं एवढं कळतं!

त्याप्रमाणे लागलोय. एक रॉड संपला की दुसरा, मध्ये श्वाससुद्धा घेत नाही. या वेगाने दीड काय, महिन्यात होईल. दादाला सांगा. अक्षर वाकडं आलंय, ते डोळ्यांत जरा कचरा गेल्यामुळे.
— तुमचा पस्तीस मार्कवाला


२२ जानेवारी

भावजी,

हे पत्र शाळेतून टाकते आहे. खाली तुमच्या दादांच्या दोन ओळी नाहीत, त्यावरून काय ते समजा आणि उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा. फोन करू नका. फोन यांच्या खुर्चीच्या हाताशी असतो.

दीर्घसूत्री म्हणजे चेंगट. रेंगाळणारा. आजचं काम परवावर ढकलणारा. शिकवणीच्या वेळी या शब्दाचं उदाहरण म्हणून मी तुमचंच नाव दिलं होतं, तेही विसरलात? हळू काम करा, एवढंच मला म्हणायचं होतं. यांच्या नजरेखालून जाणाऱ्या पत्रात सरळ लिहिता येईना म्हणून संस्कृताआड लपले. चूक माझी. पस्तीस मार्कांच्या माणसाच्या हाती हातोडी द्यावी, शब्द देऊ नये.

आणि कचरा दोन्ही डोळ्यांत एकदम गेला? काळी काच न धरता ठिणगीकडे पाहिलंत. काच लावा, नाहीतर धाकटीला कळवते.

आता कारण. ते तोंडाने सांगणार नाही अशी यांनी मला शपथ घातली आहे, म्हणून हाताने लिहिते. पाठ हे निमित्त आहे. नोव्हेंबरात यांना स्टिअरिंगवर चक्कर आली. रेल्वेचं फाटक बंद होतं, गाडी उभी होती, म्हणून आज मला थट्टा सुचते आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा आली, घरात. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, यापुढे गाडी चालवायची नाही. यावर यांचा प्रश्न काय, तर "छोटा ट्रक असला तरी?"

हे तुम्हाला कळू द्यायचं नाही, कारण धाकट्याच्या नजरेत त्यांना ड्रायव्हरच राहायचं आहे. ट्रक तयार झाला की ते बसणार. डॉक्टरांचं ऐकणार नाहीत, माझं तर नाहीच. मला मेअखेरपर्यंत वेळ हवा. तोवर काय होणार ते विचारू नका. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही.
— वहिनी


१ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र वाचून बराच वेळ ट्रकच्या पायरीवर बसून राहिलो. हिने दोनदा हाक मारली, ऐकू आली नाही. मग 'छोटा ट्रक असला तरी' आठवलं आणि एकटाच हसलो. दादाच तो.

आता माझ्याकडची बातमी. तुम्हाला उशीर हवा होता. झालाय.

तुमचं पत्र यायच्या आधीच डाव्या दांड्याला सहा फुटांचं ठिगळ लावून मोकळा झालो होतो. वर, खाली, दोन्हीकडून अखंड रेघ. इतकी देखणी, की हिला कणकेच्या हातांनी बोलावून दाखवली. दुसऱ्या दिवशी मागे जाऊन एक डोळा मिटून बघतो, तर दांड्याचं धनुष्य झालेलं! या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. मधोमध दोन बोटं अंतर. असा ट्रक रस्त्यावर काढला तर पुढची चाकं तुमच्या शाळेत जातील आणि मागची बाजारात.

शिंपीकाका कुंपणावरून बघत होते. म्हणाले, "अहो, हे तर चुणलंय!"

मी म्हटलं, "काका, हे लोखंड आहे. लोखंड कुठं चुणतं?"

"लांब शिवण एका दमात मारली की कापड ओढलं जातं. आधी टाचून घ्या. मग इकडे चार बोटं शिवा, तिकडे चार बोटं शिवा. एवढंही ठाऊक नाही?"

आयुष्यात पत्र्याचा डबा शिवला नाही या माणसाने, पण बोलला ते खरं. तापलेलं लोखंड निवताना आकसतं आणि शेजारच्याला ओढतं. बावीस वर्षं हे शेजारून बघितलंय मी. पण वहिनींनी सूत्र दिलं म्हटल्यावर अक्कल बाजूला ठेवली.

आता सगळी रेघ कापायची. जॅक लावून दांडा सरळ करायचा. नवीन ठिगळ आधी टाके घालून टाचायचं, मग चार बोटं इथे, चार बोटं तिथे, मध्ये निवू द्यायचं. मेअखेर म्हणालात ना? त्याआधी झालं तर माझं नशीब. पण दादाला काय सांगू? खरं सांगितलं तर अब्रू जाते आणि खोटं मला जमत नाही.

काच लावतो. हिला कळवू नका. तिला माहीत आहे.
— पस्तीसमधले पाच कापून घ्या


१२ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र मीच लिहितोय. तुझ्या वहिनीला विचारलं की म्हणते, "कार्य चालू आहे." काय चालू आहे? घरच्या पत्त्यावर आलेल्या तुझ्या पत्रात चार ओळींत तीनदा 'जरा' आहे. जरा काम निघालं, जरा उशीर, जरा वाक. वाक कसली?

रविवारी सकाळच्या बसने येतो. ट्रक लपवायला तुझ्याकडे जागा नाही, मला माहीत आहे.
— दादा


२० फेब्रुवारी

वहिनी,

दादा येऊन गेला. पाणीसुद्धा न पिता चासीमागे उकिडवा बसला आणि एक डोळा मिटला. बराच वेळ उघडलाच नाही. मग विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी."

"ते दिसतंय. असं करायला सांगितलं कुणी?"

आता काय सांगणार? म्हटलं, "व्याकरणाने."

त्याने घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. मग शर्ट काढून ट्रकखाली शिरला आणि बोट ठेवून दाखवत गेला. हा पोचा खडी भरली होती तेव्हाचा, हा ओरखडा पुलाच्या कठड्याचा. तुमच्या लग्नाची तारीख विसरतो, पण ट्रकचा एकेक व्रण त्याला तारखेसकट पाठ आहे. बाहेर येऊन उभा राहिला आणि एकदम मडगार्ड धरलं. डोळे मिटलेले, कपाळावर घाम. मी जवळच उभा होतो, पडला असता तर धरला असता. पण त्याला ते आवडलं नसतं, म्हणून ग्राइंडर उगाच चालू करून मान वळवली आणि तिरक्या डोळ्याने बघत राहिलो.

सावरल्यावर म्हणाला, "बंद कर तो. सांगितलं का तिने?"

"वहिनींच्या तोंडून एक शब्द निघालेला नाही." हे खरंच होतं.

"मग लिहिलं असणार."

तीस वर्षं संसार केलाय त्याने तुमच्याशी. मी ग्राइंडरची वायर गुंडाळायला लागलो.

मग पायरीवर बसून म्हणाला, "एक ऐक. मी बसणार नसेन तर यात दुसरं कुणी बसणार नाही. पगारी ड्रायव्हर आणायचा नाही. गिअर ओरबाडतात मेले. सरळ भंगारात घालायचा."

मी म्हटलं, "मग मी हा सरळ कशाला करतोय?"

"भंगारात गेला तरी वाकडा जाऊ नये."

जेवला, झोपला, संध्याकाळच्या बसने गेला. जाताना शिंपीकाकांना सांगून गेला, "याच्यावर लक्ष ठेवा." तेव्हापासून काका टाका पसंत पडला नाही की उसवायला लावतात. लोखंड उसवणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

आता तुम्ही सांगा, मेअखेर काय होणार आहे? मी हे टाके कुणासाठी घालतोय?


१ मार्च

भावजी,

सांगते. ट्रकखाली असाल तर आधी बाहेर या, डोकं आपटेल.

मी ट्रक चालवायला शिकते आहे.

जानेवारीपासून. घरी सांगितलंय, गुडघ्यांसाठी सकाळी तासभर चालायला जाते. शिकवणारा माझाच जुना विद्यार्थी आहे. आता भरघोस मिशा आहेत, पण विसर्ग कुठे द्यायचा ते अजून कळत नाही. वर्गात त्याच्याकडून रूपं घोकून घेताना मी म्हणत असे, "पुन्हा." आता तो शेजारी बसून म्हणतो, "बाई, पुन्हा." त्याला त्यात होणारा आनंद तो लपवत नाही, आणि तो त्याच्या हक्काचा आहे हे मला नाकारता येत नाही.

पुढे बरी जाते. मागे जाताना घोटाळा होतो. समासाचा विग्रह शेवटाकडून करायची इतक्या वर्षांची सवय, पण गाडीचा शेवट डोळ्यांना दिसत नाही हो. परवा माझ्या मागच्या बाजूला एक खांब आला. खांबाचं म्हणणं वेगळं असेल.

परीक्षा मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. माझं वय बावन्न. अर्ज घेणाऱ्याने विचारलं, "मुलासाठी का?" मी म्हटलं, "नवऱ्यासाठी." त्याने लगेच शिक्का मारला.

यांना पगारी ड्रायव्हर नको ना? मी बिनपगारी आहे आणि माझ्याकडे तीस वर्षांचा अनुभव आहे. पण तरी 'नाही' म्हणाले तर तुमचे टाके आणि माझे धडे एकाच भंगारात जातील, हे मी धरून चालले आहे. ट्रक भंगारात गेला तर हेही त्या खुर्चीतून पुन्हा उठायचे नाहीत. म्हणून बोलायचं ते मी बोलेन. तुम्ही टाके घाला, आणि एक तोंडालाही घाला.
— वहिनी


१८ मे

वहिनी,

झाला! एकशे बारा टाके. आकडा शिंपीकाकांचा, उसवलेले धरलेले नाहीत. दोरी ताणली, दांडा दोरीला चिकटून. गंज लागू नये म्हणून आतून-बाहेरून रंग दिलाय. ही म्हणते, एवढी निगा तुम्ही स्वतःच्या दातांची राखली असती तर!

काल तपासणीवाले साहेब येऊन गेले. खाली शिरून टिकावाने खणल्यासारखे ठोकत होते. प्रत्येक ठोक्याला मी एकेक टाका मोजत होतो. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "काम नीट आहे. कुणाकडून करून घेतलंत?"

मी तोंड उघडायच्या आत शिंपीकाका पुढे झाले. "आमच्याकडचंच आहे."

साहेबांनी काकांच्या गळ्यातल्या टेपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

दादाचा निरोप आला, रविवारी येतो म्हणून. तुम्हीही येताय ना? तुम्ही त्याच्याशी बोललात का? परीक्षेचं काय झालं? तुमच्या परवाच्या पत्रात यातलं एक अक्षर नाही. मी मार्चपासून तोंड शिवून बसलोय. आता टाका तुटायला आलाय. तो त्या ट्रकमध्ये बसला तर मी काय करू? चाव्या कुठे तरी टाकून देऊ का?


२९ मे

चि. भावजी,

आधी तुमची माफी मागते. रविवारी तुमच्या दारातून ट्रक निघाला तेव्हा स्टिअरिंगवर हे होते, शेजारी मी होते आणि आरशात तुमचा चेहरा होता. असा चेहरा मी फक्त तोंडी परीक्षेत पाहिला आहे. धाकटीने तुमचा हात धरलेला दिसला. बरं केलं, नाहीतर तुम्ही चाकाखाली आडवे झाला असता.

मी परीक्षेत पास झाले होते, पहिल्या खेपेला. यांच्याशी मात्र बोलले नव्हते. आज बोलेन, उद्या बोलेन करत दोन आठवडे घालवले. दीर्घसूत्री कोण ते आता तुम्हीच ठरवा. तुमच्या अंगणात बोलायला तोंड उघडलं, तर हे चावी घेऊन वर चढलेसुद्धा. भांडण केलं असतं तर सगळी गल्ली गोळा झाली असती. मी शेजारी चढले आणि हँडब्रेकवर हात ठेवला. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती.

तुमच्या गल्लीचं वळण संपलं, तुम्ही दिसेनासे झालात, आणि यांनी गाडी कडेला घेऊन थांबवली. इंजिन चालूच.

"दाखव," म्हणाले.

"काय?"

"लायसन."

मी पर्समधून काढून दिलं. फोटो पाहिला, उलटून मागची बाजू पाहिली.

"कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"मार्चपासून. झोपेत क्लच दाबतेस. माझ्या नडगीवर."

"मग बोलला का नाहीत?"

"जमतंय का ते बघत होतो. आधी पाय झटक्यात सोडायचीस. मेपासून हळू सोडायला लागलीस."

माझं वाचन दांडगं आहे असं लोक म्हणतात. पण याहून मोठं प्रशस्तिपत्र मी कुठे वाचलेलं नाही.

"मग आत्ता तुम्ही कशाला बसलात? जीव टांगणीला लावलात माझा!"

"धाकट्याच्या डोळ्यांदेखत तेवढं राहू दे. शंभर पावलंच होती, मोजून ठेवली होती. त्याला सांगू नकोस." मी म्हटलं, तोंडाने सांगणार नाही.

मग ते उठले. खाली उतरून, पुढून वळसा घालून या बाजूला येणं सोपं होतं. पण तसे आले नाहीत. गिअरच्या दांड्यावरून, गुडघ्याला शिव्या देत, आतल्या आत सरकले. मला मात्र उतरून वळसा घालावा लागला. चढले, सीट पुढे ओढली, आरसा फिरवला. चासीतून काही कुरकुर येते का ते ऐकलं. एक नाही. तुमच्या दांड्याने हूं की चूं केलं नाही. कुरकुर सगळी शेजारच्या सीटवरून झाली. "दुसरा टाक... आता तिसरा... अगं, खड्डा चाकांच्या मधून घ्यायचा, त्याला मान नाही द्यायचा!"

घाटाच्या पायथ्याला चहाच्या दुकानापाशी यांचे जुने ड्रायव्हर मित्र उभे होते. मला पाहिलं, यांना पाहिलं, आणि त्यांतला एक तिथूनच ओरडला, "काय राव, बाजूला बसलात?"

भावजी, माझा पाय क्लचवर थिजला. वाटलं, हे आता म्हणणार, थांबव गाडी.

यांनी कोपर खिडकीबाहेर काढलं, अगदी ऐटीत, आणि म्हणाले, "मालक बाजूलाच बसतो!"

मग मी कोण, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण समोर चढ होता आणि मला गिअर बदलायचा होता.
— वहिनी